माशांची मोटर

शनिवारची सकाळ ही आमच्या घरात माशांची वेळ. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून आखडलेली पाठ घेऊन मी पंधरा लिटरची बादली उचलतो, स्टुलावर एक पाय ठेवतो, बादलीची कड फिश टँकच्या काचेवर टेकवतो आणि हळूहळू पाणी सोडायला लागतो. हे 'हळूहळू' फक्त लिहायला सोपं आहे. तिसऱ्या लिटरला हात थरथरायला लागतो, पाचव्याला तळाची वाळू उडते, मासे सैरावैरा पळतात आणि त्यानंतरचं बरंचसं पाणी टँकऐवजी माझ्या बाहीत जातं. वर्षभर हे असंच चाललं होतं. मग एक दिवस मी अडीचशे रुपयांचा एक छोटा पंप आणला. आज जे काही सांगायचंय ते सगळं त्या पंपापासून सुरू झालं.

आधी थोडी पार्श्वभूमी. गाव घनसावंगी, जिल्हा जालना. पुण्यात कुणाला हे नाव सांगितलं की "हे नक्की कुठे आलं?" हा प्रश्न ठरलेला. मग मी समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात आहे असं सांगतो आणि समोरच्याचा चेहरा उजळतो. कंपनी पुण्याची, पण करोनानंतर महिन्यातले तीन आठवडे काम घरूनच चालतं. त्यामुळे बाहेरच्या खोलीत माझं टेबल, शेजारी लोखंडी स्टँड, आणि स्टँडवर फिश टँक. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू-दगडांची जागा सोडली तर साठ लिटर पाणी.

मासे म्हणाल तर गप्पी. हसू नका. हिवतापाच्या कार्यक्रमात डासांच्या अळ्या खायला हौदात आणि डबक्यात सोडतात, तेच. लहानपणी आमच्या हौदात आरोग्य खात्याच्या माणसाने सोडले होते, तेव्हा आम्हाला वाटायचं की ते आपापसांत गप्पा मारतात म्हणून गप्पी. प्रत्यक्षात त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली हे नाव पडलं. असो. मुद्दा असा की गप्पी जड पाण्यात खुशाल जगतात आणि आमच्या बोअरचं पाणी चांगलंच जड आहे. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे ठेवायचे म्हणजे त्यांचे हाल करायचे. आपल्याकडे जे पाणी आहे त्यात जगणारा मासा ठेवावा, हा पहिला नियम.

आता पाणी बदलायचंच कशाला? येणारा-जाणारा प्रत्येक जण हे विचारतो. "नदीतलं पाणी कोण बदलतं?" अहो, नदी स्वतःच बदलते. टँकमध्ये माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. वाळूत आणि फिल्टरमध्ये राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट थोडं असलं तरी माशांना विष. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पण साठत जातं आणि ते बाहेर काढायचा साधा उपाय एकच, थोडं पाणी काढून ताजं घालणं. म्हणून दर आठवड्याला एक चतुर्थांश, म्हणजे पंधरा लिटर. शिवाय उन्हाळ्यात पाणी उडतं ते वेगळं. मे महिन्यात मी काचेवर मार्कर पेनने रेघा मारून बघितलं. दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर. दोन फूट बाय एक फूट पृष्ठभागावर याचा हिशोब होतो जवळजवळ नऊशे मिलिलिटर. आठवड्याचे सहा लिटर नुसते हवेत! म्हणजे उन्हाळ्यात एक बादली काढायची आणि जवळजवळ दीड बादली भरायची.

काढणं सोपं आहे. नळी लावली, एकदा ओढ दिली की सायफनने पाणी आपोआप खाली येतं. चढवणं अवघड. आणि आपल्या मराठवाड्यात पाणी चढवायची छोटी मोटर प्रत्येक घरात असते. कुलरची! एप्रिल लागला की किराणा दुकानातसुद्धा कुलरचे पंप टांगलेले दिसतात. अठरा वॅटचा, मुठीएवढा, पाण्यात बुडवून चालणारा. फिश टँकच्या दुकानात वेगळ्या खोक्यात जे मिळतं ते आतून बरंचसं हेच. फक्त कुलरमध्ये वापरलेला पंप माशांसाठी घेऊ नका. त्यात वाळ्याचा कचरा असतो, क्षार असतात, कुणी कुलरच्या पाण्यात अत्तर टाकलेलं असतं. नवा घ्या आणि त्यावर पेनने 'मासे' असं लिहून ठेवा.

खोक्यावर दोन आकडे असतात. ताशी किती लिटर आणि कमाल उंची किती मीटर. इथे बहुतेक लोक फसतात (मीही फसलो, इंजिनिअरिंगची पदवी असून). ताशी हजार लिटर हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा, आणि कमाल उंची १.८ मीटर म्हणजे त्या उंचीवर नळीच्या तोंडातून एक थेंबही पडत नाही ती उंची. खरं आयुष्य या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं. माझ्या घरी बादली जमिनीवर आणि टँकची कड सव्वा मीटरवर. पंधरा लिटर चढायला साडेतीन मिनिटं लागतात, म्हणजे ताशी अडीचशे लिटरच्या आसपास. टँकला एवढंच हवं. बारीक धार पडते, वाळू उडत नाही, मासे पळत नाहीत, उलट धारेजवळ येऊन खेळतात. वीज म्हणाल तर एका युनिटमध्ये साडेनऊशे बादल्या चढतील. त्यातली जेमतेम पाच टक्के वीज पाणी उचलण्यात जाते, बाकी सगळी गरम होण्यात आणि गुणगुणण्यात. पण साडेतीन मिनिटांच्या कामाची कार्यक्षमता काय काढत बसायची?

पहिल्या शनिवारी मी मोठ्या अभिमानाने आईला बोलावून दाखवलं. ती दारात उभी राहिली, पदराला हात पुसले, धार बघितली आणि "बरंय" म्हणून आत गेली. तिच्या त्या "बरंय"मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या शनिवारी धडा मिळाला. पंप चालू केला आणि तेवढ्यात पुण्याहून फोन आला. (शनिवारी फोन करणारे मॅनेजर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) बोलत बोलत अंगणात गेलो. बादली जवळजवळ रिकामी होत आली असेल आणि लाईट गेली. मला वाटलं, बरं झालं, पंप आपोआप बंद. दहा मिनिटांनी आत आलो तर खोलीत तळं! झालं असं होतं की नळीचं टँकमधलं टोक मी अगदी तळाशी, वाळूवर टेकवलं होतं, आवाज नको म्हणून. पंप थांबताच तीच नळी सायफन झाली. टँकमधलं पाणी उलटं पंपातून बादलीत आलं, बादली भरली आणि मग फरशीवर. टँकमध्ये चार बोटं पाणी उरलेलं, त्यात सगळे गप्पी दाटीने उभे. आईने काही न बोलता गोणपाट आणलं आणि आम्ही दोघांनी फरशी पुसली. पिळलेलं पाणी ती बादलीत जमा करत होती आणि बादली मोरीत न ओतता तिने कढीपत्त्याला घातली. नळ येऊन नऊ दिवस झाले होते.

तर पंप वापरणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवा. नळीचं टोक नेहमी पाण्याच्या वर बांधा, बुडवू नका. बुडवायचंच असेल तर पाण्याच्या रेघेच्या थोडं वर नळीला एक भोक पाडा. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोनशे तीस व्होल्ट आणि पाण्याची बादली यांची मैत्री करताना भान ठेवा. कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. तीन पिनचा प्लग, खरोखरचं अर्थिंग (भिंतीतलं नुसतं तिसरं भोक नव्हे), आणि बादलीत किंवा टँकमध्ये हात घालण्याआधी प्लग बाहेर. वायरचा झोळ सॉकेटच्या खाली ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. शक्य असेल तर मोबाईल चार्जरवर चालणारा पाच व्होल्टचा पंप घ्या. चढवायला वेळ जास्त लागतो, पण जीव जात नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट दोनदा हाताने केली की तिसऱ्यांदा तिची स्क्रिप्ट लिहायची खाज सुटते. मनात म्हटलं, बादली तरी कशाला? टँकमध्ये एक तरंगता स्विच टाकू. पाणी सेंटिमीटरभर कमी झालं की कळेल. दोनशे रुपयांची वायफायवाली चिप, एक रिले, आणि पंप थेट गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पिंपात. पाणी उडालं की पंप चालू, रेघ गाठली की बंद. मी पुण्यात असलो तरी मोबाईलवर मेसेज येईल. रविवारी अर्धा दिवस बसून मी ते जमवलंसुद्धा. अण्णा शेतातून आले, त्यांनी लुकलुकणारा लाल दिवा बघितला आणि विचारलं, "हे काय, ॲटो बशिवलास का?"

या एका प्रश्नाने माझी विकेट गेली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शेतीपंपाच्या स्टार्टरला एक छोटी डबी बसवतात, तिला आमच्याकडे 'ॲटो' म्हणतात. शेतीची लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. ॲटो असला की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते, कुणी शेतात जायला नको. थंडीत रात्री दोन वाजता सापा-विंचवांतून जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं, म्हणून लोक बसवतात आणि मी त्यांना अजिबात दोष देत नाही. पण त्याची किंमत आहे. लाईट आली रे आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर झटक्यात भार येतो. ॲटो काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करत आलंय ते यासाठीच. आणि दुसरी किंमत पाण्याची. आमच्याकडेच एकदा ॲटोने रात्री एकला मोटर चालू केली, दांड फुटलेला होता, आणि सकाळपर्यंत विहिरीचं पाणी शेजारच्या पाणंदीत. त्या सकाळी अण्णा बांधावर नुसते बसून होते, ते मला अजून आठवतं.

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणी विहिरीवर मोट होती. मोटेने पाणी काढणाऱ्या माणसाला विहिरीत किती पाणी आहे हे कुणी सांगायला लागत नव्हतं. बैल किती वेळा आले-गेले, नाडा किती लांब सोडावा लागला, यावरून ते अंगालाच कळायचं. मग इंजिन आलं, विजेची मोटर आली, मग बोअर आला. कष्ट गेले हे फार चांगलं झालं, बैलांचेही आणि माणसांचेही. पण कष्टांबरोबर हिशोबही गेला. पाणी किती उरलंय हे कळायची वेळ एकदम मोटर हवा ओढायला लागते तेव्हाच येते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरच्या पुढे खोल विहीर धरलीय. आमच्या भागात बोअर किती फुटांवर गेलेत ते कुठल्याही बोअरगाडीवाल्याला विचारा.

तर माझं मत असं आहे. पंपाने वजन उचलावं, हिशोब उचलू नये. साठ लिटरच्या टँकलाही हे लागू आहे आणि आठ एकराच्या शेतालाही.

टँकचंच बघा. माझ्या त्या आपोआप भरणाऱ्या यंत्राने काय केलं असतं? उडतं ते फक्त पाणी, त्यातले क्षार टँकमध्येच राहतात. आठवड्याला सहा लिटर बोअरचं पाणी वरून भरत राहिलं तर दहा आठवड्यांत साठ लिटर पाण्यातले क्षार टँकमध्ये जमा. म्हणजे पाणी होतं त्याच्या दुप्पट जड (थोडा थर काचेवर बसतो, तो वजा धरा). आणि नायट्रेट आहे तिथेच, कारण भरणं म्हणजे बदलणं नव्हे. बाहेरून बघणाऱ्याला टँक कायम काठोकाठ, स्वच्छ, सुंदर. मोबाईलवर मेसेज, 'सर्व ठीक'. आणि एक दिवस सकाळी मासे पाण्यावर उलटे. काचेवरची उतरणारी रेघ हीच खरी माहिती होती आणि माझं यंत्र दर तासाला नेमकी तीच पुसत होतं.

म्हणून मी चिप काढली. आता पद्धत अशी आहे. मोजलेली बादली, हाताने दाबायचं बटण, आणि पंप चालू असेपर्यंत मी तिथेच उभा, फोन आत. बदलायच्या पाण्यासाठी बोअरचं पाणी. उडालेलं भरून काढायला पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. मे महिन्यात बोअर आटला की पिंपातलं नळाचं, एक दिवस उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडालेलं. अर्धी काच झाकली की पाणी उडायचंही बरंच कमी होतं. हे सगळं करताना साडेतीन मिनिटं जातात आणि त्या वेळात मी टँककडे खरोखर बघतो. कुठली मादी पोटुशी आहे, कुणाची शेपूट झडलीय, हे मला यंत्राने कधीच सांगितलं नसतं.

आता तो प्रश्न, जो तुमच्याही मनात आला असेल. ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो तिथे फिश टँक ठेवायचाच कशाला?

मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. नकाशात बघितलं तर आम्ही पाण्याचे श्रीमंत. दक्षिणेला गोदावरी, तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा. पण २०१३ साली मी दहावीत होतो आणि तो उन्हाळा मी बघितलाय. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवून बघितली आणि मग कुऱ्हाड लावली. आमचीही दीडशे झाडं गेली. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन आलं तेव्हा आमच्या बागेच्या जागी कापूस होता. अशा मुलखात हौस म्हणून पाणी काचेत भरून ठेवायचं तर त्याचा जाब देता यायला हवा.

तर हा घ्या जाब. उन्हाळ्यात माझ्या माशांना महिन्याला नव्वदेक लिटर लागतं. जल जीवन मिशनने २०१९ साली खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर हे माप धरलं. म्हणजे माशांचं महिन्याचं पाणी हे साधारण दीड माणसाचं एका दिवसाचं. त्यातलं काढलेलं साठ लिटर वाया जात नाही. ते तुळस, कढीपत्ता आणि अंगणातल्या एकुलत्या एक मोसंबीला जातं आणि माशांच्या घाणीचं खत आयतं मिळतं. (टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलं असेल तर मात्र झाडांना घालू नका.) खरं नुकसान उडालेल्या पंचवीस-तीस लिटरचं. आमचा कुलर मे महिन्यात दिवसाला चार घागरी पितो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. हे सांगून मी सुटलो असं नाही. पण ज्याला आपला आकडा माहीत आहे त्याने मासे ठेवावेत, ज्याला माहीत नाही त्याने ठेवू नयेत, एवढं तरी मी म्हणू शकतो. आणि ज्या उन्हाळ्यात खरंच टँकरवर दिवस काढायची वेळ येईल त्या उन्हाळ्यात गप्पी परत हौदात. ते मूळचे तिथलेच.

हा सगळा हिशोब मी एका रात्री जेवताना मोठ्या तावातावाने घरच्यांना ऐकवला. पंधरा किलो, सव्वा मीटर, साडेतीन मिनिटं. अण्णा हं हं करत होते. आई भाकरी वाढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माशायसाठी मोटर आणली ते बरं केलं. माह्या कमरेनं तुह्यं काय घोडं मारलं व्हतं रे?"

ती चिडून बोलली नव्हती, हसतच म्हणाली होती. मला घास उतरेना.

आमच्या दाराशी नळाचा खड्डा आहे. दाब कमी म्हणून नळ जमिनीच्या अडीच फूट खाली घेतलेला, अर्ध्या गावात असेच खड्डे आहेत. नळ पहाटे साडेपाचला येतो. खड्ड्यात टब ठेवायचा, टबातून कळशी भरायची, वाकून वर काढायची आणि तीन फुटी पिंपात ओतायची. दोनशे लिटरची तीन पिंपं. म्हणजे सहाशे किलो. दहा लिटरच्या साठ कळशा, प्रत्येक कळशी साडेपाच फूट वर. माझ्या शनिवारच्या बादलीच्या पन्नासपटीहून जास्त काम, पन्नाशी उलटलेल्या बाईचं, कमरेला पट्टा बांधून. ते ती लग्न झाल्यापासून करत आलीय आणि मी त्या वेळी झोपलेला असतो, कारण रात्री उशिरापर्यंत मीटिंग. पंधरा लिटर उचलताना माझा हात थरथरला तेव्हा मला लगेच पंप सुचला. सहाशे लिटर दुसऱ्याच्या कमरेवर होते तेव्हा वीस-पंचवीस वर्षं काहीच सुचलं नाही. यात तंत्रज्ञानाचा काही दोष नाही. मोटर कुठे लावायची हे आधी ज्याचं दुखतं तो ठरवतो, आणि ज्याच्याकडे पैसे असतात त्याचंच दुखणं आधी दिसतं.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो. अठरा वॅटचा पंप इथे चालणार नव्हता, साडेपाच फूट म्हणजे जवळजवळ १.६५ मीटर, त्याचा जीव तिथेच संपतो. चाळीस वॅटचा, तीन मीटर उंचीचा घेतला, सातशे रुपयांना. तो टबात बसतो, नळीचं तोंड पिंपाच्या कडेला वर बांधलेलं (सायफनचा धडा!), आणि दाराशी स्वतंत्र बटण, शॉक जीवघेणा ठरण्याआधी वीज तोडणाऱ्या स्विचसकट. एक गोष्ट आवर्जून सांगतो. पंप टबात आहे, नळाला जोडलेला नाही. नळाच्या लाईनला थेट टिल्लू लावून पाणी ओढणं म्हणजे पुढच्या घरातलं पाणी चोरणं. आमच्या टबात नळ स्वतःच्या धारेने जे देतो तेवढंच आम्ही उचलतो.

मला वाटलं होतं की इथे तरी तरंगता स्विच लावावा, आईला तेवढाही त्रास नको. तिने नको म्हटलं. ती पाटावर बसते, हातात बटण. टब भरला की चालू, तळ दिसायला लागला की बंद, म्हणजे पंप कोरडा चालत नाही. प्रत्येक पिंप भरलं की दारावर खडूने एक रेघ मारते. तिसरी रेघ झाली की नळ बंद करते आणि ओरडून शेजारच्या काकूंना सांगते, "आमचं झालं वं!" कारण आमचा नळ बंद झाला की त्यांच्याकडची धार जाड होते. हे माझ्या कुठल्याही चिपला कळलं नसतं.

या शनिवारचा लेख जरा लांबला. इथेच थांबतो, नळ आलाय. आई म्हणतेय, बटण तिच्याकडे, पण टब नीट सरकवायला तरी ये.